मागे सीट असलेली व्हॅन

ती व्हॅन आमच्या गळ्यात कोणी मारली नव्हती. भर उन्हात अख्खी दुपार उभं राहून, तीन गाड्यांची दारं उघडून-लावून, मुलीला सीटवर बसवून बघून आम्ही ती निवडून घेतली होती. तिने माझ्या मुलीचं किती नुकसान केलं हे मला आजही नक्की सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनाही नाही. म्हणून ती दुपार मला पुन्हा पुन्हा आठवते.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला भूकंप होऊन दोन वर्षं झाली होती. शहरात जिकडेतिकडे केशरी कोन, लोखंडी कुंपणं आणि जिथे इमारती होत्या तिथे खडीची मैदानं. नवरा इथे शिकायला आला होता, बांधकामाचा डिप्लोमा करून. पण त्या दिवसांत शहराला टेबलावर बसणाऱ्यांपेक्षा शिडीवर चढणारे जास्त हवे होते. तो रंगकामात शिरला, एका म्हाताऱ्या गोऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली काम शिकला आणि त्याच्यातच रमला. माझी आई पुण्यात सगळ्यांना सांगायची, "जावई कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत." रंगारी हा शब्द काही तिच्या तोंडून निघत नसे. मला मात्र त्याच्या कामाचा अभिमान होता. तडे गेलेल्या, कललेल्या घरांना तो पुन्हा राहण्यासारखं करायचा आणि घरमालकिणी त्याला केक करून द्यायच्या.

म्हातारा कंत्राटदार रिटायर झाला तेव्हा नवऱ्याने स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. त्यासाठी गाडी हवी होती. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

गाड्यांच्या यार्डात तीन गाड्यांवर येऊन गाडं थांबलं. एक यूट होती, पुढे दोन सीट आणि मागे उघडा हौदा. दुसरी बंदिस्त व्हॅन, जिच्यात ड्रायव्हरच्या पाठीमागे लोखंडी पत्र्याचं पार्टिशन होतं, म्हणजे सामान एका खोलीत आणि माणसं दुसऱ्या खोलीत. तिसरी पांढरी, लांब, खिडक्यावाली व्हॅन. तिच्यात पुढच्या सीटांमागे आणखी एक तीन माणसांची सीट होती आणि त्या सीटच्या मागे सामानाला भरपूर जागा. मध्ये पार्टिशन वगैरे काही नाही.

नवऱ्याने तिसरीचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा मला कळला. गाडी ठरली होती. आता फक्त मला पटवायचं बाकी होतं.

"मागची सीट तुझ्या क्रूसाठी का?" विकणाऱ्याने विचारलं. गडी मोठा गमत्या होता, इकडच्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून फिरत होता.

"नाही, फॅमिलीसाठी," नवरा म्हणाला.

विकणाऱ्याने क्षणभर माझ्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. मग त्याने शेजारच्या व्हॅनच्या पत्र्यावर मूठ आपटली. "मेट, हे पार्टिशन असलेलं बरं. जोरात ब्रेक मारलास तर रंगाचा डबा थेट मानेवर येतो."

"मी पट्टे लावीन," नवरा म्हणाला. "हीप्स ऑफ पट्टे, ढीगभर."

विकणारा हसला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणाला आणि त्याने तो विषय सोडून दिला.

मी सोडला नाही. मी म्हटलं, "अरे, कामाची गाडी कामाला असू दे ना. आपली जुनी हॅचबॅक राहू दे घरासाठी. हिला त्या डब्यांच्या वासात कशाला बसवायचं?"

मग त्याने टेम्पो काढला. म्हणजे त्याच्या वडिलांचा टेम्पो, जो मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. कराडला सासऱ्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. आठवडाभर टेम्पोत बांबू, कनाती, खुर्च्या. रविवारी तोच टेम्पो झाडून, मागे गाद्या टाकून सगळं खटलं जोतिबाला जायचं. नवरा त्या गाद्यांवर झोपून मोठा झाला होता. "आमच्याकडे कामाची गाडी वेगळी आणि घरची वेगळी असं नव्हतंच गं," तो म्हणाला. "जी गाडी पोट भरते तिच्यात आपलं लेकरू बसायला नको? आणि वासाचं म्हणशील तर आता सगळा रंग पाण्याचा असतो. थांब."

त्याने आमच्या जुन्या हॅचबॅकच्या डिकीतून एक अर्धा डबा आणला आणि यार्डातच झाकण उघडून माझ्या नाकाशी धरला. "घे. वास घे."

मी घेतला. खरंच काही वास नव्हता. थोडासा ओल्या पिठासारखा, बस. मुलीने डब्यात वाकून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. आम्ही ती व्हॅन घेतली, आणि हॅचबॅक त्याच यार्डात देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दारात पूजा झाली. सासूबाई कराडहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी सांगितलं तसं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती, तिलाही खोबरं दिलं. मग नवऱ्याने मागच्या सीटच्या मधोमध मुलीची चाइल्ड सीट घट्ट बसवली, खेचून पाहिली, पुन्हा खेचून पाहिली. तिच्या पाठीमागे अगदी लागून डब्यांचं कपाट, शिड्या, रोलर आणि जमिनीवर अंथरायच्या मोठ्या चादरींच्या घड्या. पट्टेही लावले होते, त्याने शब्द पाळला. मुलगी सीटमध्ये राणीसारखी बसली आणि तिला उतरवताना तिने भोकाड पसरलं.

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मीच घातला होता. बाहेरचं बाहेर. चपला दाराबाहेर, कामाचे कपडे दाराबाहेर, आल्या आल्या हातपाय धुवायचे आणि मगच मुलीला हात लावायचा. नवरा हा नियम अगदी सोवळं पाळल्यासारखा पाळायचा. साइटवरून निघतानाच अंगावरचा ओव्हरऑल काढायचा, गुंडाळायचा आणि व्हॅनमध्ये मागे टाकायचा. बूटही तिथेच. घरात येताना तो स्वच्छ टी-शर्टमध्ये यायचा. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, नवरा रंगारी आहे असं तुमच्या घरात शोधूनही सापडणार नाही.

खरंच सापडत नव्हतं. सगळं व्हॅनमध्ये होतं.

त्याच्या कामाचा मोठा भाग नवा रंग लावण्याचा नव्हताच. जुना काढण्याचा होता. भूकंपातून वाचलेली जुनी लाकडी फळ्यांची घरं, कोणी आजोबा-पणजोबांनी बांधलेली. त्यांच्यावर रंगाचे थरावर थर. खरवडायचं, घासायचं, मग नवा हात मारायचा. तो कौतुकाने सांगायचा, पांढऱ्याखाली साय रंगाचा, त्याखाली हिरवा, त्याखाली विटकरी. जुन्या रंगात शिसं असतं हे त्याला माहीत होतं. म्हणून तर तो दोन डबड्यांचा मोठा मास्क लावायचा, भिंत ओली करून घासायचा, डबा खायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचा. आम्हा दोघांनाही वाटायचं की हा त्याच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे, आणि तो त्याने सोडवला आहे. चादरी झटकून घडी घातल्या की काम संपलं. त्या वर्षांत शहरात धुळीकडे बघत कोण होतं? नॉर'वेस्टरचा गरम वारा सुटला की अख्खं गाव डोळे चोळायचं. खिडकीच्या कडेवर रोज नवी पांढरी रेघ दिसायची आणि आम्ही ती रोज पुसायचो.

सकाळी मी बसने युनिव्हर्सिटीत कामाला जायचे आणि नवरा मुलीला व्हॅनमधून डेकेअरला सोडायचा. संध्याकाळी तोच आणायचा. शनिवारी समुद्रावर, रविवारी भारतीय दुकानात, गणपतीत मंडळाच्या हॉलवर, सगळीकडे व्हॅन. बाकीच्यांच्या गाड्यांमध्ये आमची पांढरी व्हॅन शिड्यांसकट उभी असायची आणि मुलगी लांबूनच तिच्याकडे बोट दाखवून "बाबा" म्हणायची. व्हॅनलाही बाबाच.

एकदा तिला सीटमधून काढताना तिच्या ओल्या गालावर एक नखाएवढा पापुद्रा चिकटलेला दिसला, साय रंगाचा. मला वाटलं बिस्किट. मी पदराने नाही, स्वेटरच्या बाहीने पुसून टाकला आणि तिला घरात आणून नियमाप्रमाणे तिचे पाय धुतले.

दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्याकडे चांगले दहा-बारा शब्द होते. आई, बाबा, दूदू, बाय, भूभू. ते वाढायला हवे होते. वाढले नाहीत. वर्षभरात उलट दोन-तीन गळून पडले. आम्ही ज्याला त्याला विचारलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. घरात मराठी, डेकेअरमध्ये इंग्लिश, दोन भाषांची मुलं उशिरा बोलतात. अहो, माझा तर तीन वर्षांपर्यंत मुका होता, आता बघा तोंड बंद होत नाही. हे ऐकून मला इतकं बरं वाटायचं की मी तेच पुन्हा ऐकायला दुसऱ्या कोणाला तरी विचारायचे.

मग तिचं खाणं गेलं. वरणभाताचा घास तोंडात धरून बसायची. पोट धरून रडायची, तीन-तीन दिवस तिला शी व्हायची नाही. चिडचिड इतकी की कपडे घालणं म्हणजे कुस्ती. झोप तर नाहीच. फक्त एका ठिकाणी यायची. व्हॅनमध्ये बसवलं आणि इंजिन सुरू झालं की पाच मिनिटांत मान टाकायची.

म्हणून नवरा तिला फिरवायचा. दिवसभर शिडीवर उभं राहून आलेला माणूस, चहासुद्धा न घेता तिला उचलून पुन्हा व्हॅनकडे जायचा. टेकड्यांवरच्या रस्त्याने वर, पलीकडचं बंदर दिसेपर्यंत, आणि सावकाश खाली. खिडक्या बंद, तिला वारा लागू नये म्हणून. हीटर तिच्याकडे वळवलेला. ती जितकी आजारी तितका जास्त वेळ तो तिला फिरवायचा. परत येऊन दारात गाडी उभी करून तसाच बसून राहायचा, तिची झोप मोडू नये म्हणून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांना पाहायचे आणि मला वाटायचं, असा बाप मिळायला भाग्य लागतं. आजही तसंच वाटतं. त्यानेच तर अंगावर काटा येतो.

मी कावलेली पाहून सासूबाई कराडहून आल्या. आल्या त्या संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी मुलीची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवसापासून सहाणेवर बाळगुटी उगाळायला घेतली. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, एकेकाचे दोन-दोन वेढे. मी वैतागले होते, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली आणि गुटीची वाटी बाजूला ठेवली.

"अगं, हिच्या अंगात रक्त नाही," त्या म्हणाल्या. "ही नुसती दृष्ट नव्हं. डॉक्टरला दाखव आधी."

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. घरगुती औषधं काही देता का, असं विचारलं. मी गुटीचं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि कागदावर आणखी एक तपासणी वाढवली.

निकालाचा फोन मी ऑफिसात घेतला. रक्त कमी होतंच. आणि रक्तात शिसं होतं. लहान मुलाच्या रक्तात जितकं असावं त्याच्या कितीतरी वर. डॉक्टर शांतपणे म्हणाले की हे सरकारला कळवावं लागतं, कोणीतरी घरी येईल, घाबरू नका. मी विचारलं, याने काय होतं? ते म्हणाले, पोट, रक्त, आणि वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बोलण्यावर, शिकण्यावर. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा नवरा उभाच होता. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, सहाण उचलली आणि मागच्या दारातून बाहेर भिरकावली.

"तुझं ते उगाळणं!" तो आईवर ओरडला. "काय काय कुठून आणतेस आणि पोरीच्या तोंडात घालतेस!"

मी म्हटलं, "अरे, त्या येऊन आठवडा झालाय. ही वर्षभर आजारी आहे."

त्याला ते ऐकूच गेलं नाही. सासूबाईंनी गुटीची मुळं, कुंकू, हळद, काजळाची डबी, अंगाऱ्याची पुडी, सगळं एका पिशवीत भरलं आणि दाराशी ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी नातीला भरवणं सोडलं. ताट माझ्या हातात द्यायच्या आणि लांब बसायच्या. माझ्या सासूचं आणि माझं कधी फार गूळपीठ नव्हतं, पण तेव्हा मला नवऱ्याचा असा संताप आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

आरोग्य खात्याची बाई आली. चाळिशीची, केस आखूड, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत तिने दारातच स्वतःचे बूट काढले. मला ती तिथेच आवडली. तिने पिशवी घेतली, नळाचं पाणी घेतलं, खिडक्यांच्या चौकटी पाहिल्या. आमचं भाड्याचं घर विटांचं होतं, त्यात जुना रंग कुठेच नव्हता. तिने नवऱ्याला काम विचारलं. त्याने सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की कामाचा एक धागा या घरात येत नाही. बूट नाही, कपडे नाहीत. तिने कार्पेटवरून, सोफ्यावरून, त्याच्या कपाटातून नमुने घेतले. त्याचं म्हणणं खरं होतं. घर स्वच्छ निघालं.

पिशवीतलंही सगळं स्वच्छ निघालं. आणि पुढच्या तपासणीत मुलीच्या रक्तातलं शिसं वाढलेलं निघालं.

ते दिवस मला आठवतात ते एका वासासारखे, जो येतोय पण कुठून ते कळत नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू संशयाने बघायचे. खेळणी उकळली. भांडी बदलली. तिच्या बोटांना सतत साबण लावून ती लाल केली. कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबायचे, वाटायचं आत्ता ह्या क्षणी ते कुठेतरी आहे, आपल्या समोर, आणि ते तिच्या पोटात जातंय. आणि संध्याकाळ झाली की ती रडायला लागायची आणि नवरा किल्ली उचलायचा. "आण तिला. फिरवून आणतो."

मीच तिला त्याच्या हातात द्यायचे. स्वच्छ कपडे घालून.

आरोग्य खात्याची बाई दुसऱ्यांदा आली त्या दिवशी तिला काहीच नवं सापडलं नाही. ती ओशाळल्यासारखी झाली होती. दारात बसून बूट घालत होती तेवढ्यात नवरा मुलीला डेकेअरमधून घेऊन आला. व्हॅन थांबली, सरकतं दार उघडलं. मुलगी सीटमध्ये गाढ झोपलेली, अंगठा तोंडात. तिच्या डोक्यामागे चादरींचा गठ्ठा आणि त्यावर गुंडाळलेला ओव्हरऑल. दुपारचं तिरपं ऊन आत पडलं होतं आणि त्या उन्हात, तिच्या केसांभोवती, बारीक बारीक पांढरं काहीतरी सावकाश तरंगत होतं.

बाईचा एक बूट हातातच राहिला.

"ती यात रोज बसते?" तिने विचारलं.

"रोज," नवरा म्हणाला. आणि मग, तिच्या चेहऱ्याकडे बघत, "यातच तिला झोप लागते."

बाईने पिशवीतून ओले कागद काढले. एक चाइल्ड सीटच्या पट्ट्यावरून फिरवला, एक सीटच्या हात ठेवायच्या कडेवरून, एक मागच्या सीटच्या कापडावरून. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात. मग मुलीला उचलून माझ्याकडे दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "निकाल येईपर्यंत हिला यात बसवू नका." तो मान हलवत होता, हलवतच राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "माझ्या अंगाला हात लावू नका."

निकालाची वाट बघायची गरज कोणालाच नव्हती. तरी तो आला. चाइल्ड सीटचा पट्टा, जो ती दात येताना चावायची, त्यावर सगळ्यात जास्त.

मी तेव्हा नवऱ्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो आईसमोर खाली फरशीवर जाऊन बसला. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात धुतले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जेव." मग मुलीला मांडीवर घेतलं, कितीतरी दिवसांनी, आणि दुधात भाकरी कुस्करून भरवायला बसल्या.

व्हॅन विकायला तो तयार नव्हता. "दुसऱ्या कोणाच्या पोराला कशाला?" म्हणाला आणि सीटसकट भंगारात देऊन आला. बॉनेटवरच्या स्वस्तिकाचा पुसट लाल डाग शेवटपर्यंत होता.

मुलीला लोहाची औषधं सुरू झाली, दूध, नाचणी. रक्तातलं शिसं हळूहळू उतरत गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं जातं. बाकीचं पुढे कळेल. आज ती शाळेत जाते, पोहते, दिवसभर टकळी चालू असते. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. चारचौघींसारखीच आहे. पण कधी बोलता बोलता तिला एखादा शब्द सापडत नाही, ती डोळे मिटून शोधायला लागते, आणि त्या वेळी मी आणि नवरा एकमेकांकडे बघत नाही. शब्द कोणालाही अडतो. मला माहीत आहे. पण "पुढे कळेल" मधलं पुढे कधी येणार आणि कधी संपणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

व्हॅन भंगारात दिल्यावर काही आठवडे नवरा एका ओळखीच्या माणसाची गाडी मागून काम करत होता. जुन्या घरांची कामं सोडायची म्हटलं तर शहरात दुसरं काम नव्हतं. त्याने साइटवरच आंघोळीची सोय केली. तरी घरी येऊन पुन्हा आंघोळ करायचा, नखं घासायचा, आणि त्यानंतरही मुलगी अंगावर आली की हात वर उचलून उभा राहायचा, त्यांचा तिला स्पर्श होऊ नये असे. ती त्याच्या पायांना मिठी मारायची आणि वर बघायची. पूर्वी असं केलं की बाबा उचलतो हे तिला माहीत होतं.

दुसरी गाडी घ्यायला तो एकटाच गेला. या वेळी मला विचारलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

शनिवारची सकाळ होती. साइटवर एक फेरी मारून, पुन्हा तिकडेच जायचं म्हणून कपडे न बदलता, तो नवी व्हॅन घेऊन दारात आला. बंदिस्त, खिडक्या नसलेली, सीटच्या मागे लोखंडी पत्रा. यार्डातली ती दुसरी व्हॅन होती ना, तशीच. पूजा करायची का, असं सासूबाईंनी विचारलं नाही. आम्ही तिघी दारात उभ्या होतो. मुलगी व्हॅन बघताच माझं बोट सोडून धावली. कित्येक दिवसांनी ती अशी धावली. जँडल्स फटफटवत बाजूच्या दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दारावर थापा मारायला लागली. मी जाऊन दार उघडलं.

आत ड्रायव्हरची सीट होती. तिच्या शेजारी काहीच नव्हतं. नुसती जमीन आणि काढलेल्या बोल्टची चार भोकं. नवऱ्याने शेजारची सीट काढूनच गाडी घेतली होती.

मुलगी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग वळली. तिला तीन वर्षं होत आली होती आणि तोपर्यंत तिने दोन शब्दांपुढे तिसरा कधी जोडला नव्हता. आम्ही वाट बघत होतो, डॉक्टर वाट बघत होते, सासूबाईंनी देवाला नवस बोलला होता.

"बाबा," ती म्हणाली, "माय सीट कुठे गेली?"

सासूबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो बॉनेटपाशी उभा होता, अंगात साइटवरचे कपडे, बाह्यांवर पांढरं. त्याचा चेहरा इतका उजळला की तो तिच्याकडे दोन पावलं धावलाच. ती हात पसरून उभी होती.

तो थांबला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले.

"तू घे तिला," तो मला म्हणाला. "लवकर घे."